नाव ठेवावे, नावे ठेवू नयेत

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आपल्या मराठीत एक मोठी गंमत आहे. 'नाव ठेवणे' म्हणजे बाळाचे बारसे करणे आणि 'नावे ठेवणे' म्हणजे दुसऱ्याचे दोष काढणे. फरक फक्त एका मात्रेचा. पण पहिल्यात घर भरते आणि दुसऱ्यात घर फुटते. माझी सारी नोकरी बँकेच्या काउंटरमागे गेल्यामुळे मला या शब्दाचा तिसरा अर्थही ठाऊक आहे. हिशेबाच्या वहीत दोन बाजू असतात, एक जमा आणि दुसरी नावे. खात्यातून रक्कम गेली की ती नावे पडते. तेव्हा जो उठता-बसता लोकांना नावे ठेवतो, त्याच्या पुण्याच्या खात्यावर काय पडत असेल, ते मी वेगळे सांगायला नको.

यंदाच्या दत्तजयंती अंकासाठी हा विषय घेण्याचे कारण असे, की गेल्या वर्षभरात गुरुवारच्या आरतीनंतर देवळाच्या ओट्यावर सगळ्यात जास्त बोलणे कशावर झाले असेल तर ते नातवंडांच्या नावांवर. पाऊस, भाताचा भाव, लोकलची गर्दी हे विषय आपल्या कामशेतला नेहमीचेच. पण नावाचा विषय निघाला की ज्येष्ठ मंडळींचा आवाज चढतो. "काय हो ही आजकालची नावे! जिभेला वळत नाहीत, देवाचा पत्ता नाही, अर्थ विचारला तर मोबाईल काढून बघतात." हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की ते आता पाठ झाले आहे.

मी शास्त्री-पंडित नाही. बी.कॉम. झालेला साधा कारकून. पण निवृत्तीनंतर गुरुचरित्राबरोबर थोडे पुराणवाचन होते, त्यातून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

झाले असे, की आमच्या आरतीला नेमाने येणारे एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना अण्णाच म्हणतात, मीही तेच म्हणतो. नाणे मावळात वडिलोपार्जित भातशेती, मुलगा-सून पुण्यात नोकरीला. श्रावणात नातू झाला. अण्णांनी आधीपासून ठरवले होते, मुलगा झाला तर दत्तात्रय. वाडीला बोलूनही आले होते. आणि एका गुरुवारी अण्णा आले ते लाल डोळ्यांनी. म्हणाले, "काका, सुनेने नाव काढलंय अलर्क. मी शब्दकोशात पाहिलं. अलर्क म्हणजे पिसाळलेलं कुत्रं! माझ्या नातवाला मी अशी हाक मारू? बारशाला मी जाणार नाही. तुम्ही सांगा, शास्त्रात असलं नाव चालतं का?"

मंडळी, प्रश्न एका घरचा दिसतो, पण तो घरोघरचा आहे. कुणाकडे अलर्क नसेल, दुसरे काही असेल. म्हणून शास्त्रापासूनच सुरुवात करू.

सोळा संस्कारांत नामकरण हा एक संस्कार आहे. आपल्याकडे तो बहुधा बाराव्या दिवशी होतो, म्हणूनच त्याला बारसे म्हणतात. ताटात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने नावे लिहायची आणि मग बाळाच्या कानात सांगायची. आपल्या मावळात त्या ताटात घरचा आंबेमोहोर नाहीतर इंद्रायणी असतो. 'इंद्रायणी' हे तरी काय आहे? वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने नवे वाण काढले आणि त्याला आपल्या नदीचे नाव दिले. तांदळाचेसुद्धा बारसे होते, आणि ते चांगले झाले तर नाव महाराष्ट्रभर जाते.

तर त्या ताटात नाव एक नसते, चार असतात. पहिले कुलदेवतेवरून. दुसरे महिन्यावरून, म्हणजे मार्गशीर्षात जन्मलेल्याचे मासनाम कृष्ण, पौषात जन्मलेल्याचे अनंत. तिसरे जन्मनक्षत्रावरून. आणि चौथे व्यवहारनाम, जे शाळेत, चावडीवर, बँकेत चालते. नीट पाहा. देवाची जागा पहिल्या नावात राखलेली आहे, काळाची दुसऱ्यात, आकाशाची तिसऱ्यात. आईबापांच्या हौसेला मोकळी सोडलेली जागा चौथी. म्हणजे सुनेने चौथ्या जागी वेगळे नाव लिहिले म्हणून देव ताटाबाहेर जात नाही. तो आधीच पहिल्या ओळीत बसलेला असतो.

गृह्यसूत्रांत मुलाच्या नावाचे नियमही दिले आहेत. अक्षरे दोन किंवा चार असावीत, आरंभ मृदू वर्णाने व्हावा, मध्ये य, र, ल, व यांपैकी एखादे अक्षर यावे. 'दत्तात्रेय' चार अक्षरी आणि त्यात 'र'ही आहे. 'नरहरि' चार अक्षरी. नियमात चोख बसतात. पण 'श्रीपाद' मोजा, तीन अक्षरे होतात आणि आरंभ 'श'ने. आता नियमात बसत नाही म्हणून पीठापूरच्या श्रीपादांचे नाव कुणी बदलायला सांगेल का? नियम मार्ग दाखवण्यासाठी असतात, दार अडवण्यासाठी नसतात.

आता आपल्या आराध्याचेच नाव घेऊ. अत्रिऋषींनी पुत्रासाठी तप केले. भगवंत प्रसन्न झाले आणि म्हणाले, मी स्वतःलाच तुला देऊन टाकले आहे. म्हणून तो 'दत्त', दिलेला. आणि अत्रींचा पुत्र म्हणून 'आत्रेय'. भागवतात नावाची ही फोड आहे. आपण कागदोपत्री सर्रास 'दत्तात्रय' लिहितो, खरे रूप मात्र 'दत्तात्रेय', आणि त्यातल्या त्या 'त्रे'मध्ये बाप आहे. आई कुठे आहे? आई 'अनसूयानंदन' या नावात आहे. अनसूया म्हणजे जिच्या ठायी असूया नाही, जी कुणाला नावे ठेवत नाही ती. जिने कधी नावे ठेवली नाहीत, तिच्या पोटी देवाने जन्म घेतला. ही एवढी एक गोष्ट दत्तजयंतीच्या पाळण्याची दोरी धरताना आठवली तरी पुष्कळ झाले.

गुरुचरित्रात अशी आणखी दोन बारशी आहेत. पाचव्या अध्यायात पीठापूरच्या सुमतीने श्राद्धाच्या दिवशी, ब्राह्मण जेवायच्या आधी, दारी आलेल्या अतिथीला भिक्षा घातली. त्या अतिथीरूपी दत्तांनी तिला 'माते' म्हटले, आणि तिने तोच शब्द खरा करा असे मागितले. त्यातून श्रीपाद आले. अकराव्या अध्यायात कारंज्याला माधव आणि अंबा यांच्या पोटी बाळ जन्मले ते ॐकार उच्चारीतच. त्याचे जन्मनाम शालिग्रामदेव आणि व्यवहारात नरहरि. हा नरहरि मुंज होईपर्यंत ॐकाराशिवाय काही बोलला नाही. आईबापांच्या जिवाला केवढा घोर! आणि पुढे काशीत संन्यास घेतल्यावर तेही नाव गेले, नृसिंह सरस्वती झाले. आईने हौसेने ठेवलेले नाव देवसुद्धा आयुष्यभर वापरीत नाही. आईने त्याबद्दल रुसवा धरला नाही.

एवढे ऐकून अण्णा म्हणाले, "हे सगळं खरं. पण कुत्र्याचं काय?" तेव्हा त्यांना मार्कंडेय पुराणातली कथा सांगितली. ती आपणही ऐकावी, कारण विचित्र नावाच्या बाळाची ती मूळ कथा आहे, आणि ती थेट दत्तप्रभूंच्या पायाशी जाऊन थांबते.

ऋतध्वज नावाचा राजा होता, त्यालाच कुवलयाश्वही म्हणत. त्याची राणी मदालसा, मोठी ज्ञानी. पहिला मुलगा झाला, राजाने नाव ठेवले विक्रांत, पराक्रमी. सारे आनंदले. मदालसा हसली. बाळ रडू लागले की ती त्याला अंगाईत सांगे, बाळा, तू शुद्ध आहेस, तुला नाव नाही, हे नाव तुझ्यावर आत्ता नुसते ठेवले आहे, हा देहही तुझा नाही, मग रडतोस कशाला? दुसरा झाला, राजाने नाव ठेवले सुबाहू, बळकट बाहूंचा. राणी हसली. तिसरा झाला, शत्रुमर्दन, शत्रूंचे निर्दाळण करणारा. याला काही ठिकाणी अरिमर्दन म्हटले आहे. राणी पुन्हा हसली. आणि आईची अंगाई ऐकून तिन्ही मुले विरक्त निघाली.

चौथ्या बारशाला राजाने पाहिले, ही पुन्हा हसते आहे. तो म्हणाला, मी क्षत्रियाला शोभतील अशी नावे ठेवली, तू दर वेळी हसलीस. आता या बाळाचे नाव तूच ठेव. मदालसेने आज्ञा मानली आणि नाव ठेवले, अलर्क.

आता हसायची पाळी राजाची होती. तो म्हणाला, हे कसले असंबद्ध नाव? याला अर्थ काय? अण्णा जे ओट्यावर म्हणाले, तेच राजा म्हणाला. त्यावर राणीचे उत्तर असे, की महाराज, नाव ही व्यवहारापुरती कल्पना आहे. तुमच्या नावांना तरी अर्थ कुठे आहे? विक्रांतमध्ये चालणे, ओलांडणे आहे. आत्मा सर्वत्र भरलेला आहे, तो कुठून कुठे जाणार? आत्म्याला आकार नाही, मग त्याला सुबाहू म्हणजे चांगले बाहू कुठून? आणि सगळ्या शरीरांत एकच आत्मा असेल तर शत्रू कोण आणि मर्दन कुणाचे? तुमची तीन नावे चालतात, तर माझे चौथे का चालू नये?

राजा निरुत्तर झाला. पण तो चांगला माणूस होता. पुढे ती चौथ्यालाही तीच अंगाई गाऊ लागली, तेव्हा त्याने विनवले, याला तरी प्रपंच शिकव, वंश चालला पाहिजे, राज्य कोण पाहणार? मदालसेने ते ऐकले. अलर्काला तिने राजाचे धर्म, गृहस्थाचे धर्म, अतिथी, श्राद्ध, आचार असे सारे शिकवले. पुराणात हे अध्यायच्या अध्याय आहेत. म्हणजे नावाच्या वेळी राजाने राणीचे ऐकले आणि शिकवणीच्या वेळी राणीने राजाचे. घर असे चालते.

मग आईबाप वनात निघाले. जाताना आईने अलर्काला एक अंगठी दिली आणि सांगितले, असह्य दुःख येईल तेव्हा यातले लिहिलेले वाच. अलर्क राज्य करू लागला आणि हळूहळू भोगात पुरता गुंतला. भावाला सोडवायचे म्हणून विरक्त सुबाहूने काशीच्या राजाला पुढे करून त्याच्यावर स्वारी करविली. वेढा पडला, खजिना आटला, तेव्हा अलर्काला अंगठी आठवली. आत लिहिले होते, आसक्ती सोडावी. सोडवत नसेल तर संतांची आसक्ती धरावी, तेच तिचे औषध. इच्छा सोडावी. सुटत नसेल तर मुक्तीची इच्छा धरावी. अलर्क उठला आणि संत शोधीत गेला तो दत्तात्रेयांकडे.

"महाराज, मी दुःखी आहे," तो म्हणाला. दत्तप्रभूंनी विचारले, दुःख कुणाला आहे? तू कोण? आधी त्याचा विचार कर. आणि मग झाडाचा दृष्टान्त दिला. 'मी' हा अंकुर, 'माझे' हे त्याचे खोड. घर आणि शेत या फांद्या, बायकामुले ही पालवी. या झाडाच्या सावलीला माणूस बसतो आणि तिथेच अडकतो. ज्ञानाच्या कुऱ्हाडीने ते तोडावे. पुढे प्रभूंनी अलर्काला योग शिकविला. अलर्क परत आला तो राज्य सोडायच्याच तयारीने. तेव्हा सुबाहू म्हणाला, मला राज्य नकोच होते, तू जागा व्हावास एवढेच हवे होते.

यदू, सहस्रार्जुन, प्रल्हाद यांच्या बरोबरीने दत्तशिष्यांत अलर्काचे नाव आदराने घेतले जाते. पराक्रमी अर्थाची नावे असलेल्या भावांच्या नावाने कथा चालत नाही, ज्याच्या नावाला राजा हसला त्याच्या नावाने चालते.

अण्णा ऐकत राहिले. मग मी त्यांना आणखी दोन गोष्टी सांगितल्या. अमरकोशात अलर्क म्हणजे पिसाळलेले कुत्रे हे खरे, पण त्याच कोशात अलर्क म्हणजे पांढरी रुईसुद्धा आहे. आपल्या बांधावर रुई उगवते, शनिवारी तिची माळ मारुतीला जाते, पांढऱ्या रुईला आपण मंदार म्हणतो आणि गणपतीच्या पूजेत तिला मान देतो. आणि समजा कुत्राच घेतला, तर दत्ताच्या तसबिरीत पायाशी कोण बसले आहे? चार कुत्रे. त्यांना आपण चार वेद म्हणतो आणि वाकून नमस्कार करतो. गुरूच्या पायाशी जाऊन बसले की कुठल्याही नावाचे सोने होते.

यावर अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "काका, खरं सांगू? कुत्र्याचं नाही दुखत. माझं कुणी विचारलं नाही, ते दुखतं."

मंडळी, इथे आपल्या सगळ्यांचे खरे दुखणे आहे. दत्तप्रभूंनी सांगितलेले झाड आपल्या अंगणातच उभे असते. माझा नातू, माझे नाव, माझा मान, मी वाडीला बोललेला शब्द. नावाचा अर्थ हे निमित्त असते, मुळाशी 'माझे' असते. आणि ज्या देवासाठी आपण भांडतो त्याच्या नावाचा अर्थच 'दिलेला'. दिलेली वस्तू देणाऱ्याची राहत नाही. बँकेत आपण एकाच्या खात्यावर रक्कम भरली की ती त्याची होते, पावती आपल्याकडे राहते, रक्कम नाही. नातवंडाचे तसेच आहे. आपण आजोबा आहोत एवढी पावती आपल्या हाती आहे. ती जपावी.

पण म्हणून तरुणांनी वाटेल ते नाव ठेवावे का? तसे मी म्हणत नाही. मदालसेने नाव व्यवहारापुरते म्हटले, म्हणजे व्यवहार तरी नीट व्हायला हवा. काउंटरमागे बसून जे पाहिले त्यावरून चार गोष्टी तरुण मंडळींसाठी सांगतो. हा अंक त्यांनीही वाचावा.

पहिली गोष्ट, अर्थ जाणत्याला विचारावा. छापील याद्यांत जो अर्थ दिलेला असतो तो डोळे झाकून घेऊ नये. 'अनय' हे नाव आजकाल आवडीने ठेवतात. राधेच्या पतीचे हे नाव परंपरेत आहे, पण संस्कृतात अनय म्हणजे अनीती. ज्यांच्या घरी हे नाव आहे त्यांनी वाईट वाटून घेऊ नये, मदालसेचे उत्तर त्यांनाही लागू आहे. ज्यांचे अजून ठरायचे आहे त्यांनी मात्र एखाद्या संस्कृत शिक्षकाकडे पाच मिनिटे जावे.

दुसरी गोष्ट, आजीला हाक मारता आली पाहिजे. नाव लिहिण्यासाठी थोडे आणि हाक मारण्यासाठी फार असते. भागवतात अजामिळाने मरताना धाकट्या मुलाला हाक मारली, त्याचे नाव नारायण होते म्हणून तो तरला. आपल्या वाडवडिलांनी घरोघर नारायण, विठ्ठल, दत्तू का ठेवले ते यात आहे. दिवसातून पन्नास वेळा पोराला हाक मारायची, तेवढ्या वेळा देवाचे नाव तोंडी येते. ही जुनी युक्ती अगदीच सोडू नये. बाहेर वेगळे नाव असले तरी घरात हाकेचे नाव देवाचे ठेवता येते.

तिसरी गोष्ट, नाव जखम करणारे नसावे. पूर्वी मुले जगत नसत, म्हणून वाईट नजर लागू नये यासाठी धोंडू, दगडू, केरबा, भिकाजी अशी नावे ठेवीत. त्या नावांमागे आईचा जीव होता. महर्षी कर्व्यांचे नाव धोंडो. १८५८ साली जन्मलेल्या या धोंडोला १९५८ मध्ये शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळाले. हे नाव ओबडधोबड खरे, पण त्याला कुणी नको म्हटले नव्हते. याच्या उलट आपल्याच महाराष्ट्रात मुलींना 'नकुशा' म्हणजे नकोशी अशी नावे ठेवली गेली. २०११ साली सातारा जिल्ह्यात अडीचशेहून अधिक नकुशांना समारंभाने नवी नावे दिली. मुलींनी स्वतः आपली नवी नावे निवडली. धोंडो आणि नकुशा, दोन्ही चारचौघांत वेगळी नावे. एकामागे 'राहू दे' अशी प्रार्थना आहे, दुसऱ्यामागे 'नको होतीस' असा शिक्का. बाळ मोठे होऊन 'माझे नाव असे का?' विचारील तेव्हा त्याला मान वर करून उत्तर देता आले पाहिजे. नाव वेगळे असो की नेहमीचे, मला वाटते खरी परीक्षा हीच.

चौथी गोष्ट कागदांची. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. १९६९ च्या कायद्यानुसार नाव न ठरताही ती होते. नाव पुढे बारा महिन्यांत विनाशुल्क घालता येते, नंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. म्हणून घाईने, भांडणात, एखाद्याने परस्पर जाऊन नाव घालून येऊ नये. वेळ आहे, बसून बोला. पण एकदा घातले की बदलणे अवघड. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना तर शाळेपासून पुढे सगळीकडे जन्मदाखलाच लागतो. आणि इंग्रजी स्पेलिंग पहिल्या दिवशी ठरवून तेच सर्व कागदांवर ठेवावे. एकाच दत्तात्रयाचे स्पेलिंग पासबुकात एक, पॅनवर दुसरे आणि आधारवर तिसरे, आणि त्यापायी विधवा बाईचे वारसाचे पैसे महिनोन्महिने अडकलेले मी पाहिले आहेत. देवाचे नाव असूनही अडकले, कारण संगणकाला देव कळत नाही, अक्षरे कळतात. याच्या उलट, एका गावात एकाच आडनावाचे, एकाच बापाच्या नावाचे दोन दत्तात्रय असले की एकाचे पत्र दुसऱ्याकडे जायचे. तेव्हा थोडे वेगळे नाव अगदीच निरुपयोगी नसते.

यातच एक नवी गोष्ट झाली आहे, ती मला मनापासून आवडली. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने ठरवले, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या शासकीय कागदांवर आधी बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि मग आडनाव. अण्णांना मी म्हटले, या हिशेबाने आपल्या देवाचे नाव काय होईल? दत्त अनसूया अत्रि. आपण आरतीत आणि भजनात आईचे नाव पिढ्यान्‌पिढ्या घेत आलो, दाखल्यावर बाळाच्या नावात यायला २०२४ साल उजाडले. जिचे नाव आता बाळाच्या नावाला लागून लिहायचे आहे, तिने बाळाचे नाव सुचवले तर त्यात आपला काय अपमान?

अण्णा त्या रविवारी पुण्याला गेले. सुनेला त्यांनी पहिल्यांदाच शांतपणे विचारले, "पोरी, हेच नाव का गं?" ती म्हणाली, "अण्णा, यादीतून नाही घेतलं. माझी आजी मला मदालसेची गोष्ट सांगायची. तुमच्या घरी दत्ताची उपासना आहे, म्हणून मला वाटलं दत्ताच्या शिष्याचं नाव तुम्हाला आवडेल." तिने नाव निवडले होते ते यांच्याच देवासाठी, आणि हे बारशाला जाणार नव्हते ते याच नावापायी. मधे राहिला होता तो एक प्रश्न, न विचारलेला. बारसे झाले. ताटात घरच्या तांदळावर चारही नावे उमटली. कागदावर तो अलर्क आहे, आणि अण्णा त्याला दत्तू म्हणून हाक मारतात. सून काही म्हणत नाही.

आता मंडळी, शेवटचे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. या कथेत अलर्काला नावाने तारले नाही आणि नावाने बुडवलेही नाही. राजाने हौसेने ठेवलेली नावे असोत की राणीने ठेवलेले, चारही मुलांचे भले झाले ते आईच्या शिकवणीने. आणि संकटात कामाला आली ती अंगठी. आपण बारशाला सोन्याची अंगठी आणतो, तिने तांदळावर नाव लिहितो आणि ती पुन्हा डबीत ठेवून देतो. मदालसेची अंगठी आतून लिहिलेली होती.

म्हणून वडीलधाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. नाव ठेवण्याचा हक्क आईबापांना सोडा आणि अंगठी लिहिण्याचे काम आपल्याकडे घ्या. ते काम तरुणांना जमणार नाही, त्यांना वेळ नाही. नातवाला मांडीवर घेऊन गोष्ट सांगणे, संध्याकाळी देवापुढे हात जोडायला शिकवणे, दारी आलेल्याला पाणी विचारायला लावणे, दुःख आले तर कुणाकडे जायचे ते सांगून ठेवणे, हे आपणच करायचे. उद्या आपण नसू. नातू कुठे परमुलखात असेल, त्याच्याभोवती कसला तरी वेढा पडेल, आणि तेव्हा त्याला आपण सांगितलेली एखादी गोष्ट आठवून तो दत्ताच्या दाराशी गेला, तर आपण त्याचे नाव खऱ्या अर्थाने ठेवले असे होईल.

यंदा दत्तजयंतीला सूर्यास्ताच्या वेळी पाळणा हलेल, सुंठवडा वाटला जाईल. नातवंडांना जरूर आणा. त्यांची नावे विचारा, पुन्हा विचारा, जिभेला वळेपर्यंत म्हणा. आणि कुणाचेही नाव ऐकून भुवई वर करू नका. अनसूयामातेच्या बाळाला नावे ठेवलेली आवडत नाहीत.

सर्वांच्या लेकरांना दत्तप्रभू दीर्घायुष्य, सद्बुद्धी आणि सत्संग देवोत, हीच चरणी प्रार्थना.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!